नावाजलेले अल्बम जागलीवर: एका हंगामानंतरचा अनुभव

‘जगातले सर्वोत्तम अल्बम’ अशी यादी दिसली की आपण त्यातला एखादा लावतो, दोन गाणी ऐकतो आणि मत ठरवून मोकळे होतो. एवढ्यावर कुणाची थोरवी कळत नाही. म्हणून यंदा सोयाबीन उगवल्यापासून हरभऱ्याचे घाटे भरेपर्यंत मी पाचच अल्बम आलटून पालटून ऐकले. इंग्लंडच्या बीटल्स या चौघांच्या बँडचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’, अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, अमेरिकन गायक मार्व्हिन गे याचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, आपल्याकडचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणि गायक उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची एलपी, म्हणजे मोठी तबकडी. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिघांची कीर्ती पुरेपूर खरी आहे, एकाची बरीचशी खरी आहे आणि एकाला इतिहासाने दिलेला मान आपण कानाच्या खात्यावर मांडत आलो आहोत.

ऐकण्याची जागा म्हणजे बुलढाण्याच्या मेहकर तालुक्यातलं आमचं वावर (शेत). पावसाळ्यात सोयाबीनवर रानडुकरं आणि रोही (नीलगायी), हिवाळ्यात हरभऱ्याचं ओलित. मोटारीची थ्री फेज लाइन रात्रीची असली की तुषार सिंचनाचे पाइप बदलायला रात्रभर वावरातच थांबावं लागतं. एवढा सलग वेळ शहरातल्या कुठल्या श्रोत्याला मिळत असेल असं वाटत नाही.

सुरुवातीला एक फुकटचं अ‍ॅप वापरलं. ते गाणी मनाला येईल त्या क्रमाने लावतं आणि मध्येच जाहिरात घुसवतं. अल्बम ऐकायचा असेल तर हा मार्ग सोडा. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये एका गाण्यातून दुसरं गाणं निघतं. तिथे साबणाची जाहिरात आली की सगळी वीणच उसवते. शेवटी पैसे भरून तालुक्याच्या गावी, चांगल्या नेटवर, सगळं उतरवून घेतलं.

दुसरी अडचण कानाची. जागलीला, म्हणजे पीक राखायला रात्री जागताना, दोन्ही कान बंद करून चालत नाही, कळप धुऱ्यावरून आत शिरला की आधी कानालाच कळतं. त्यामुळे एकच इअरफोन लावायचो. जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी पुष्कळदा असते, म्हणजे एका कानाने ऐकणाऱ्याचं अर्धं गाणं गायब. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू केलं की दोन्ही बाजू एकाच कानात येतात. हे ज्याला माहीत नाही त्याने जुन्या अल्बमवर मत देऊ नये.

आता ‘सार्जंट पेपर’. रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकाच्या 500 अल्बमांच्या यादीत 2003 आणि 2012 साली तो पहिला होता. 2020 साली यादी नव्याने केली तेव्हा तो 24वा झाला आणि पहिल्या जागी ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला. अल्बम तोच, त्यातला एक सूरही बदललेला नाही. मत देणारे बदलले. 1967 साली फक्त चार ट्रॅकच्या टेपवर निर्माता जॉर्ज मार्टिन आणि बीटल्सच्या चौघांनी जे बांधलं, ते तंत्र म्हणून अचाट आहे यात शंका नाही. ‘अ डे इन द लाइफ’मध्ये चाळीस वादकांचा वाद्यवृंद खालच्या सुरापासून वर चढत जातो आणि शेवटी अनेक पियानोंवर एकदम वाजवलेला स्वरमेळ (कॉर्ड) विरता विरत नाही. तो तुकडा मी अजूनही लावतो. बाकीची गाणी दिवाळीनंतर आपणहून लावावीशी वाटली नाहीत. चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबा आणि तबला आहे. इंग्लंडच्या पोरांना तेव्हा ते नवल वाटलं असेल. ज्याच्या गावात रोज संध्याकाळी हार्मोनियम आणि खंजिरी वाजते, त्याला केवळ वाद्य नवं आहे म्हणून शहारा येत नाही. ‘हे पहिल्यांदा कुणी केलं’ याचा मान इतिहासात जरूर द्यावा. पण पहिलेपणा ऐकू येत नसतो.

‘काइंड ऑफ ब्लू’ मात्र पूर्ण उतरला. 1959 सालच्या मार्च आणि एप्रिलमध्ये, दोन बैठकांत केलेलं काम. वादकांच्या हातात तालमीशिवाय जेमतेम आराखडे दिलेले. आपल्या श्रोत्याला जॅझ अवघड वाटतं, कारण त्यात स्वरमेळ भराभर बदलतात. इथे डेव्हिसने ती गर्दीच काढून टाकली. ‘सो व्हॉट’ ऐका. त्याची सप्तक-मांडणी म्हणजे आपला काफी थाट. चार-चार मात्रांचे सोळा गट त्यातच, मग आठ गट सगळाच काफी अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि पुन्हा आठ गट मूळ जागी परत. हे एकदा कळलं की जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली हे सॅक्सोफोनवादक आपापली बढत कशी करतात ते आपल्या कानाला धरता येतं. दोघांचा स्वभाव निराळा: एक खोदत जातो, दुसरा हसतखेळत. ‘ऑल ब्लूज’ सहा मात्रांच्या चालीचं आहे, आपल्या दादरा तालासारखं. शेजारच्या वावरातले काका भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. एका रात्री मी फोनचाच स्पीकर लावला होता, तर त्यांची बोटं आपोआप बाजेच्या ठाव्यावर दादरा धरून बसली. जुन्या तबकड्यांत पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित चढ्या सुरात वाजत, कारण मार्चच्या बैठकीत टेपचं यंत्र हळू फिरत होतं. 1992च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. उतरवताना नंतरचीच आवृत्ती घ्या.

‘व्हॉट्स गोइंग ऑन’साठी बोल समजून घेणं भाग आहे. पुतणीने बसून मराठीत अर्थ सांगितला, तेव्हा कुठे तो उघडला. 1971चा अल्बम. मार्व्हिनचा भाऊ व्हिएतनामच्या लढाईतून परतला होता आणि त्याच्या तोंडून ऐकलेलं या गाण्यांत उतरलं. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला अल्बमच्याच नावाचं गाणं काढायचंच नव्हतं. शेवटच्या ‘इनर सिटी ब्लूज’मध्ये साचत जाणारी बिलं आणि हातात न राहणारा पैसा आहे. डेट्रॉइटच्या माणसाचं ते दुखणं सोयाबीनचा भाव पडलेल्या आठवड्यात मला शब्दाशब्दाला कळलं, आणि एवढ्या कडू गोष्टी तो इतक्या मऊ आवाजात सांगतो म्हणून त्या जास्त आत जातात. बास गिटार फोनच्या स्पीकरवर जवळपास ऐकूच येत नाही. इअरफोन हवाच.

‘कॉल ऑफ द व्हॅली’ची कीर्ती बरीचशी खरी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरव रागापासून पहाडी रागापर्यंत. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत तो घडवून आणणारे जी. एन. जोशी म्हणजे आमच्याच मेहकरच्या कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन घराघरांत पोचलेले गायक. हे इकडच्या फार थोड्या पोरांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. रागसंगीताची सवय नसलेल्याला यासारखा दुसरा सोबती नाही. पण महिनोन्महिने ऐकल्यावर त्याची मर्यादाही कळते. राग उघडतो न उघडतो तोच तुकडा संपतो. सुरुवातीला जे गोड वाटलं, ते नंतर अपुरं वाटू लागलं. पहाडी तेवढी दर वेळी तशीच ताजी.

आणि अमीर खाँ साहेबांचा मारवा. 1960च्या एलपीची एक बाजू. दिवस मावळताना लावायचा, वेळ त्याचीच आहे. पंचम (प) नाही, कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांच्यावर मुक्काम, झुमरा तालाची संथ लय, आणि षड्ज (सा) हातचा राखून ठेवलेला. काकांनी पहिल्यांदा ऐकून विचारलं, “बाबू, हा बुवा घरी काहून येत नाही? दारापर्यंत येते अन् वापस जाते.” रागाचं सगळं व्याकरण त्या प्रश्नात आहे. षड्जाची ओढ लावून तो लांबवणं, हाच मारवा. पहिल्या पंधरवड्यात मला तो कोरडा वाटायचा. श्रावण सरता सरता धैवतावरचा एकेक ठहराव वेगळा ऐकू यायला लागला, आणि हरभऱ्याला दुसरं पाणी देईस्तोवर त्यात नवं सापडायचं थांबलं नव्हतं. पाचांत सर्वांत कमी वाद्यं, सर्वांत कमी करामत आणि सर्वांत जास्त टिकाऊ. इंग्रजी याद्यांना तो ठाऊक नसला तर नसो. आपल्या जाणकारांनी त्याला साठ वर्षं डोक्यावर घेतलं, ते योग्यच केलं.

दरबारीची बाजू अजून पुरती हाती लागलेली नाही. ती मध्यरात्रीची आहे आणि मध्यरात्री मी बहुतेक वेळा पाइप उचलत असतो. गव्हाच्या ओलितात तिला वेळ देणार आहे. मेमरी कार्डात जागा करायला ‘सार्जंट पेपर’ काढला, त्यातलं ‘अ डे इन द लाइफ’ ठेवलं. नव्याने ऐकणाऱ्याने ‘कॉल ऑफ द व्हॅली’पासून सुरुवात करावी, महिनाभराने ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्यावा आणि मारव्याला निदान एक अख्खा पावसाळा द्यावा.