पोटातल्या महाधमनीचा फुगा: पोट उघडून की स्टेंट-ग्राफ्ट?

पुरुषांत फुगा (धमनीची भिंत कमजोर होऊन आलेला फुगवटा) साधारण ५.५ सेंमीपर्यंत वाढला की दुरुस्तीचा विषय निघतो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लावून डॅक्रॉनची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी शिवतात. हृदय-मूत्रपिंडांवर ताण येतो, आठवडाभर रुग्णालय, पुढे टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. पण एकदा शिवलेली नळी सहसा आयुष्यभर टिकते.

स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, जांघेतल्या धमनीतून सरकवतात, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी. ब्रिटनच्या ‘ईव्हार-१’ चाचणीत ३० दिवसांतले मृत्यू स्टेंटमध्ये १.८%, उघड्या शस्त्रक्रियेत ४.३% होते. हा फायदा मात्र काही वर्षांत पुसला गेला आणि ८ वर्षांनंतर उलट स्टेंटवाल्यांतच मृत्यू जास्त दिसले. कारण गळती: फुग्याची मान (ग्राफ्ट जिथे पकड घेतो तो फुग्याच्या वरचा धमनीचा भाग) रुंदावते, ग्राफ्ट घसरतो, रक्त पुन्हा फुग्याच्या पिशवीत शिरते आणि ती फुटते. कमरेच्या बारीक धमन्यांतून होणारी गळती बहुधा निरुपद्रवी. ग्राफ्टच्या वरच्या टोकाची मात्र लगेच बंद करावी लागते. म्हणून सीटी किंवा सोनोग्राफी जन्मभर, आणि नेमकी तीच लोक टाळतात!

साठीतला, हृदय ठणठणीत असलेला रुग्ण असेल तर आमचा कौल उघड्या शस्त्रक्रियेला. ऐंशीच्या घरातल्या, दम लागणाऱ्या आजोबांना स्टेंट, तोही मान १०-१५ मिमी लांब आणि सरळ असेल तरच.