16,399 रुपये देऊन भिंतीपलीकडून ऐकलेला शो

लिहू की नको करत 3 आठवडे गेले. आमच्याकडे रत्नागिरीत बातमी एसटीच्या आधी पोचते, आणि पन्नाशीतला माणूस गाण्यापायी लुबाडला गेला म्हटलं की लोक आधी हसतात. हसा, पण वाचा.

मी गणपतीत, लग्नात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. मामा जहाजावर होता, त्याने 1988 ला आणलेल्या कॅसेटांत या शोवाल्या सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझरवर पॉप वाजवणाऱ्या, बँडची एक होती. डेपेश मोड सगळ्यांना माहीत, हे त्याच काळातले पण यांचे चाहते मोजके, जे आहेत ते मात्र ठार वेडे. नाव मुद्दाम लिहीत नाही. यामाहाचा 1983 चा डीएक्स-7 कसा वाजतो ते मी त्या कॅसेटवरून शिकलो, तो कीबोर्ड अजून हाताला लागलेला नाही. तोच बँड मुंबईत! बुकिंग उघडलं तेव्हा आमच्याकडे नेमकी लाईट नव्हती, आली तोवर सगळं संपलेलं.

मग ग्रुपवर एकाचा मेसेज, आई आजारी, जाणं रद्द, 2 तिकिटं आहेत. मूळ किंमत 4,500, तो मागत होता 7,200 प्रत्येकी. हे धंदे कसे चालतात ते तुम्हाला माहितीय, मलाही माहीत होतं. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो असं तर म्हणूच नका, मी जास्तच देत होतो!

आता जिथे थांबायला हवं होतं ते सांगतो, रोज रात्री तेच आठवतं. त्याने तिकिटाचा फोटो पाठवला, क्यूआर अर्धा झाकलेला, खाली लिहिलेलं रो जी, सीट 14 आणि 15. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं की शो पूर्ण स्टँडिंग आहे, मी स्वतः वाचलेलं, त्यावरून बायकोशी बोललोही होतो की गुडघ्याचं कसं होणार. आणि सीट नंबर बघून मी काय म्हणावं? "बघ गं, बसायची सोय आहे."

14,400 पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव. विचारलं तर म्हणे वहिनीचं अकाउंट आहे, काका. नाव वेगळं दिसलं की पिन टाकायचाच नाही, समोरचा कितीही गोड बोलो. मी टाकला. वर तिकिटावर नाव बदलायची फी 1,999, "रिफंडेबल", तीही दिली.

तुतारी एक्सप्रेसने दादर, लॉजचे 1,800 वेगळे. गेटवर मशीनने लाल दाखवलं. पोरगा सभ्य होता बिचारा, म्हणाला, "काका, आत खुर्च्याच नाहीत." बाजूला बघतो तर जी-14 वाले आम्ही चौघं. तेवढ्यात आत पहिलं गाणं सुरू झालं, भिंतीतून नुसता बास येत होता, आणि मला दोन ठोक्यांत कळलं कुठलं ते. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

रात्री 10.40 ला सायबर फसवणुकीची हेल्पलाईन 1930 लावली, चौथ्यांदा लागली. पैसे जाऊन 11 दिवस झालेले, तोवर खात्यात काय राहतंय! तिकडे कळवायचं ते त्याच तासात, नंतर नुसता सोपस्कार. यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, आधी तोच विचारतात. सकाळी तिथल्या ठाण्यात गेलो तर म्हणे पैसे रत्नागिरीतून पाठवलेत ना, मग तिकडे जा. इकडे आलो तर म्हणे शो मुंबईत होता, प्रकार तिथे घडलाय. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम 173 आहे, मी प्रिंट काढून नेली तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील का?" नाही हो, कीबोर्ड वाजवतो. शेवटी नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या, उद्या गेलो तर साहेब बंदोबस्ताला. दीड तास बाकावर बसवून हवालदाराने काय विचारलं, तर "या वयात असले शो कशाला?" अरे, चोर कोण ते शोधा ना, माझं वय काय शोधताय! बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केलीय, तिथे 3 आठवडे "प्रक्रियेत".

आणि हो, आयोजकांच्या ॲपमधूनच तिकीट आपल्या नावावर येत असेल तरच घ्या, फोटो आणि पीडीएफ कोणीही शंभर जणांना विकतो.

काल त्या तिकीटवाल्याच्याच सोशल मीडिया अकाउंटवर नवा फोटो आणि दुसऱ्या शोची "लास्ट 2 तिकिटं". मी रिपोर्ट केलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, यात नियमभंग आढळला नाही. या एका कामात मात्र सगळे तत्पर.