लैंगिक समुपदेशन: फी नेमकी कशाची भरायची?

नवरा-बायकोने शरीरसंबंधांबद्दल समुपदेशन घ्यावं का? घ्यावं, पण नुसतं मन मोकळं करायला नको. फी वसूल होते ती पहिल्या भेटीतल्या चौकशीत आणि घरी करायच्या अभ्यासात. या दोन्हींचा पत्ता नसेल, तर समुपदेशक कितीही गोड बोलो, सेवा महागच.

एक सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. जाणता समुपदेशक दोघांशी एकत्र बोलतो आणि एकेकाशी वेगळंही. वेगळ्या भेटीतलं जोडीदाराला कळणार का, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं. नाही ठरवलं तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत यावरूनच भडका उडतो. वेगळं बोलणं समुपदेशक टाळतच असेल, तर ती मोठी त्रुटी. मारहाण, जबरदस्ती किंवा बाहेरचं प्रकरण जोडीदाराच्या देखत कोण सांगणार? घरात हिंसा असेल तर एकत्र समुपदेशन मुळात करूच नये. खोलीत बोललेल्याचा सूड घरी निघतो.

चौकशी किती बारीक आहे, त्यावरून माणूस ओळखावा. पुरुषाला ताठरतेचा त्रास असेल, तर पहाटे झोपेतून उठताना ती येते का, हे विचारायलाच हवं. तेव्हा येते आणि बायकोजवळ असताना उतरते, तर मूळ बहुधा धास्तीत आहे. कधीच येत नसेल, तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गरज पडल्यास सकाळच्या वेळेचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) तपासावं लागतं. चाळिशीनंतर हा त्रास हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकतो, म्हणून तपासणीआधी दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारणारा नकोच. नैराश्यावरच्या सेर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम अशा गोळ्यांनी इच्छा मंदावते (म्हणून परस्पर बंद मात्र करू नयेत, डॉक्टर पर्याय देतात). अंगावर पाजणाऱ्या बाईला इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने कोरडेपणा येतो, जवळ येणं दुखतं, आणि नवरा समजतो की हिचं मन उडालं.

आता घरचा अभ्यास. त्याचा गाभा अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० मध्ये मांडला आणि तो आजही वापरात आहे. सुरुवातीला संबंधांवर पूर्ण बंदी. आठवड्यातून दोन-तीनदा, पाळीपाळीने एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने फक्त घ्यायचा. स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य. लक्ष ठेवायचं ते ऊब, दाब, त्वचेचा पोत यांवर. पुढच्या टप्प्यात वर्ज्य भाग खुले होतात, मग दोघांनी एकाच वेळी स्पर्श, आणि शेवटी संबंध, तेही आधी हालचाल न करता. बंदी कशासाठी? ‘जमेल ना?’ म्हणून माणूस स्वतःवरच पहारा ठेवतो. त्या ताणाने अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ताठरता उतरते. जमवायचंच नाही म्हटलं की परीक्षाच रद्द.

अडतं ते बहुतेक बंदीपाशी. दुसऱ्याच आठवड्यात ‘आता जमतंय तर’ म्हणून ती मोडतात, एकदा फसतं, आणि धास्ती दुप्पट होऊन परतते. दुसरी अडचण जागेची. दोन खोल्यांत सासू-सासरे आणि मुलं असताना ‘निवांत वेळ काढा’ हा सल्ला फुकाचा आहे. कोणत्या वारी, किती वाजता, कडी लागते का, हे समुपदेशकाने विचारावं. ‘चान्स’ घेणाऱ्या, म्हणजे मूल हवं असलेल्या जोडप्यांत तारखांची सक्ती हेच दुखणं असतं. तिथे पाळीचं एखादं चक्र तारखा न पाळता मोकळं सोडावं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारून ठरवतात.

लग्नाला वर्ष होऊनही संबंधच आले नसतील आणि प्रयत्न केला की बायकोचे योनीभोवतीचे स्नायू आवळत असतील, तर ‘थोडं सहन कर’ हा सर्वांत घातक सल्ला. प्रत्येक दुखऱ्या प्रयत्नागणिक स्नायू आधीच आवळायला शिकतात. इथे स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी, पेल्व्हिक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी आणि लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर (योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्या) वंगण लावून, तिच्या स्वतःच्या हाताने. हा क्रम नीट पाळला तर गुण चांगला येतो, आणि आमच्या मते या सेवेचं खरं मोल इथेच दिसतं. ऑनलाइन सेशन बोलण्याला आणि अभ्यासाच्या आढाव्याला पुरेसं. दुखण्याला मात्र प्रत्यक्ष तपासणीच लागते.

‘मॅरेज काउन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी, मनोविकारतज्ज्ञ असेल तर मेडिकल कौन्सिलचा क्रमांक मागावा. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे, तरी भिंती रंगलेल्याच. त्या पुड्यांत कधी कधी न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेवरचं औषध मिसळलेलं असतं. छातीत दुखण्यावर नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने धोकादायक खाली जातो.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढून विचारावं. रांग मोठी आणि वेळ कमी मिळतो, पण तपासण्या एकाच आवारात होतात. खासगीत पैसे दर सेशनला द्यावेत. चौथ्या भेटीपर्यंत एकही लेखी किंवा ठरलेला अभ्यास हाती पडला नसेल, तर पाचवी घेऊ नये.