एकमान पद्धत की तिरकस गुणाकार?

५ वह्या ९० रुपयांना, तर ८ वह्या कितीला? सहावीत एकमान पद्धतीने आधी एका वहीची किंमत काढतात: ९० ÷ ५ = १८, मग १८ × ८ = १४४ रुपये. तिरकस गुणाकारात ५/९० = ८/क्ष, म्हणून तिरकस गुणून ५ × क्ष = ८ × ९०, म्हणजे ५क्ष = ७२०, क्ष = १४४. उत्तर तेच, पण १८ म्हणजे काय हे मुलाला सांगता येतं. ७२० म्हणजे काय हे सहसा नाही.

खरी गडबड व्यस्त प्रमाणात, म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच पटीत घटतं तिथे, होते. ६ मजुरांना १० दिवस लागतात, तर १५ मजुरांना? सवयीने ६/१० = १५/क्ष मांडलं की २५ दिवस येतात. मजूर वाढले आणि दिवसही वाढले! एकमानात एका मजुराला ६० दिवस, म्हणून १५ जणांना ४.

एकमान अडतं ते भागाकार सुटत नाही तिथे. ७ किलोला १०० रुपये, तर २१ किलोला? १४.२८ धरलं तर २९९.८८ येतात, ३०० नाही. तिथे १००/७ तसंच ठेवून २१ ने गुणावं.

आमचं मत: सातवीपर्यंत एकमानच. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकाच संख्येने गुणणं पक्कं झालं, की तिरकस गुणाकार द्यावा.