प्रोग्रामिंगची पहिली भाषा कुठली घ्यावी, सी, पायथन का जावा?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या क्लासला पालकांचा एकच प्रश्न असतो, पोराला आधी सी शिकवायचं का डायरेक्ट पायथन, आणि यंदा तर एका कॉलेजच्या मॅडमनी पण हेच विचारलं कारण त्यांना फर्स्ट इयरचं ठरवायचंय. मी दोन्ही शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या वर्षी गारगोटीकडची एक मुलगी होती, शाळा पूर्ण मराठी मिडीयम, हुशार लई. पाच विषयांचे मिळून ४११ मार्क, सरासरी काढायची, एवढाच प्रोग्राम. सी मध्ये करत बसली, आधी सेमीकोलन राहिला, मग स्कॅनएफमध्ये, म्हणजे इनपुट घ्यायच्या फंक्शनमध्ये, अँडचं चिन्ह (&) राहिलं आणि प्रोग्राम धाडकन बंद पडला, ते सगळं निस्तरून उत्तर आलं ८२. वहीत ८२.२ लिहिलेलं. तिला वाटलं आपलंच गणित चुकलं, पार रडकुंडीला आली. खरं तर सी मध्ये इंटला (म्हणजे पूर्णांकाला) इंटनं भागलं की दशांश गळतो, आणि तसं झालंय हे कुणी सांगत नाही. पायथन ३ मध्ये तेच दोन ओळीत होतं, ८२.२ समोर.

पायथनमध्ये पण खड्डे आहेत बरं का. इनपुट घेतलेलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे आकडा नाही तर नुसता मजकूर असतो, त्यामुळं ५ आणि ५ ची बेरीज ५५ येते. शिवाय पायथनमध्ये कुठली ओळ कशाच्या आत आहे हे डावीकडं सोडलेल्या जागेवरून ठरतं, आणि पेपरात कोड हातानं लिहायचा असतो, तिथं किती जागा सोडली ते तपासणाऱ्याला कळत नाही, सी सारखे महिरपी कंस असले की बरं पडतं.

जावाचं थोडक्यात सांगतो, भाषा चांगली, नोकऱ्या पण आहेत, पण जावा २५ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये नुसतं हॅलो छापायला पब्लिक, क्लास, स्टॅटिक, व्हॉइड एवढं लिहायला लागतं आणि प्रत्येक शब्दाला "हे पुढं सांगतो" म्हणायचं. पहिल्या सेमला नको.

मग सी कशाला? डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास केलेली भाषा, आजही मेमरी कशी असते ते इतकं उघडं करून दुसरीकडं दिसत नाही. टर्बो सी मध्ये, म्हणजे सी चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, ८ चं फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) काढून बघा, ४०३२० यायला पाहिजे, येतं मायनस २५२१६, कारण तिथला इंट १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढं मावतच नाही. पायथन कितीही मोठी पूर्ण संख्या गपगुमान सांभाळतं, म्हणून पोरांना हे कधी दिसतच नाही.

माझं मत, आधी दोन-अडीच महिने पायथन, लूप आणि फंक्शन हातात बसू देत, मग सी. मॅडमना पण हेच सांगितलं, आणि सी चा पहिला तास ४११ ला ५ नं भागूनच चालू करा म्हटलं, तोवर ८२.२ च बरोबर हे पोरांना पक्कं माहीत असतं आणि ८२ का आलं हे ती स्वतःच विचारतात.