अमेरिकी श्रम खात्याची मार्केटप्लेस नोटीस: नमुना कामाचा, पण एक रकाना नडतो

अमेरिकेत फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याखालच्या मालकाने नव्या कर्मचाऱ्याला १४ दिवसांत आरोग्यविमा मार्केटप्लेसची (विमा प्लॅन विकत घेण्याच्या सरकारी बाजारपेठेची) लेखी माहिती द्यायची, हा २०१३पासूनचा नियम. पार्ट-टाइमवाल्यांनाही. श्रम खात्याचे दोन नमुने फुकट मिळतात: विमा देणाऱ्या मालकांसाठी एक, न देणाऱ्यांसाठी दुसरा. भाषा सरकारी, तरी मुद्देसूद.

खरी गोम पहिल्या नमुन्याच्या शेवटी आहे. कंपनीच्या सर्वांत स्वस्त प्लॅनसाठी कर्मचाऱ्याला किती हप्ता भरावा लागेल, ते तिथे लिहायचं, पण ते ऐच्छिक! रकाना कोरा राहिला, तर मार्केटप्लेसमधल्या विम्याच्या हप्त्यावर मिळणाऱ्या करसवलतीला आपण पात्र आहोत का, हे ताडणं अवघड जातं. एचआरकडून तो भरून घ्याच. नोटीस न दिल्यास दंडही नाही. ही पळवाट बुजवायलाच हवी.

एच-१बी व्हिसावरच्या मराठी मंडळींनाही मार्केटप्लेस खुलं आहे. मात्र तिथला प्लॅन घेतला की कंपनीच्या विम्यातला मालकाचा वाटा बुडू शकतो.