प्राथमिक वर्गाच्या शिस्तीसाठी क्लासडोजो: कसं लावावं, कुठे थांबावं

क्लासडोजो हे वर्तनाचे पॉइंट देण्याचं ॲप उघडलं की वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या नावासोबत एक छोटा रंगीत राक्षस दिसतो. त्याच्यावर बोट ठेवायचं, यादीतलं एखादं वर्तन निवडायचं, की पॉइंट जमा होतो आणि टिंग वाजतं. 2011 मध्ये सुरू झालेलं हे ॲप शिक्षकांना मोफत आहे. मुलांना ईमेल लागत नाही, पालक कोडने जोडले जातात आणि नवा वर्ग तयार करायला नावं टाइप करण्यापुरताच वेळ लागतो. हा सोपेपणाच घात करतो. तयार यादी घेऊन पहिल्या दिवसापासून पॉइंट वाटायला लागलं की सुरुवातीला वर्ग छान चालतो. मग ज्या तीन-चार मुलांसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच पॉइंटांकडे ढुंकून बघेनाशी होतात. ॲप पॉइंट मोजतं. कसं वागायचं ते शिकवण्याचं काम आधी आणि ॲपबाहेर व्हावं लागतं, आणि बहुतेक वर्गांत नेमकं तेच राहून जातं.

म्हणून आधी अपेक्षा ठरवाव्यात. तीन ते पाच पुरेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला दहा नियम पाठ होतात, पण ऐन वेळी एकही आठवत नाही. शब्दरचना 'काय करायचं' अशी हवी. 'पळू नका' ऐकून मुलाला पळण्याऐवजी काय करायचं ते कळत नाही. 'चालत जा, हात स्वतःजवळ' म्हटलं की कळतं. नंतर प्रत्येक अपेक्षा जागेनुसार फोडायची. 'जबाबदारीने वागणं' म्हणजे वर्गात वस्तू जागेवर ठेवणं, जिन्यावर एका बाजूने एकामागे एक चालणं, जेवणानंतर आपली जागा पुसणं, स्वच्छतागृहात पाणी टाकून नळ बंद करणं. एवढं उलगडून सांगितल्याशिवाय पहिली-दुसरीतल्या मुलासाठी 'जबाबदारी' हा नुसता मोठा शब्द असतो.

आणि हे गणितासारखंच शिकवावं लागतं. शिक्षकाने एकदा बरोबर करून दाखवायचं. एकदा चुकीचं करून दाखवायचं, पण तेही शिक्षकानेच. मुलांना चुकीच्या वागण्याचा सराव देऊ नये, त्यात त्यांना फार मजा येते. मग दोन मुलांकडून, मग सगळ्यांकडून बरोबर करून घ्यायचं, आणि ते प्रत्यक्ष जागेवर. जिन्याचा नियम वर्गात बसून शिकवला तर तो जिन्यावर उतरत नाही. पहिल्या आठवड्यात रोज, पुढे आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून. हे झाल्यावर ॲप उघडावं.

ॲपमध्ये सगळ्यात महत्त्वाचा पडदा वर्तनांच्या यादीचा. तयार यादीत 'मेहनत', 'सहकार्य', 'कामात लक्ष' अशी नावं येतात. ती काढून टाकावीत. 'मेहनत' डोळ्यांना दिसत नाही. ती शिक्षक ठरवतो, आणि दुपारी थकलेला शिक्षक सकाळपेक्षा वेगळं ठरवतो. त्याऐवजी दोन माणसांनी पाहिलं तर दोघांचं एकमत होईल अशी वर्तनं लिहावीत: 'हात वर करून थांबला', 'पहिल्या सूचनेला वही उघडली', 'मित्राचं बोलणं संपू दिलं', 'चुकलेलं स्वतः खोडून पुन्हा केलं'. सुरुवातीला पाच-सहा पुरेत. यादी लांबली की बोट सरकवत शोधावं लागतं आणि तेवढ्या वेळात ते वर्तन होऊन जातं.

प्रत्येक वर्तनाचं मोल पाच पॉइंटांपर्यंत वाढवता येतं. ते वाढवू नये, सगळ्या वर्तनांना एकेकच पॉइंट ठेवावा. वाढवलं की आज पाचचा पॉइंट असलेल्या गोष्टीला उद्या मुलं दहा मागतात, आणि एकच्या गोष्टी करायला कोणी तयार नसतं.

आता वजा पॉइंट. माझं मत स्पष्ट आहे: प्राथमिक वर्गात 'सुधारणा हवी' या वजा पॉइंटांच्या भागातली वर्तनं रिकामी ठेवावीत, निदान सगळ्यांसमोर तरी ती वापरूच नयेत. वजा पॉइंट दिला की वेगळा, उतरता आवाज येतो आणि सगळ्या माना एका मुलाकडे वळतात. ज्या मुलाला लक्ष हवं होतं, त्याला ते मिळालं; त्याच्यासाठी ही शिक्षा नाही, बक्षीस आहे. ज्याला समोरचं गणित टाळायचं होतं, त्याची पुढची पाच मिनिटं वाद घालण्यात गेली. त्याचंही काम झालं. खरी शिक्षा होते ती एखाद्याच वेळी चुकणाऱ्या हळव्या मुलाला, आणि तिची गरज त्याला सगळ्यात कमी असते. शिवाय सकाळच्या दुसऱ्या तासालाच उणे चारवर गेलेल्या मुलापाशी गमावण्यासारखं काही उरत नाही. उरलेला दिवस तो कशासाठी सावरेल? मूल चुकलं की भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर त्याच्या नावाचा चिमटा खाली सरकवण्याच्या पद्धतीत हाच दोष होता. इथे फक्त चिमट्याची जागा पडद्याने घेतली आहे.

म्हणून तीन सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावीत. आवाज बंद. पॉइंटांचे आकडे असलेला वर्गाचा पडदा प्रोजेक्टरवर नाही. दाखवायचाच असेल तर पूर्ण वर्गाची एकत्र बेरीज दाखवावी. आणि पालकांना पॉइंट दिसण्याची सोय बंद. याचं अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण पालकांना रोज कळावं हाच तर ॲपचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. पण पालकांना दिसतो तो आकडा. दुपारी दोन वाजता वर्गात झालेली आणि तिथेच मिटलेली गोष्ट संध्याकाळी घरी पुन्हा उघडते आणि त्याच चुकीची दुसरी शिक्षा होते. त्यापेक्षा संदेशाची सोय वापरावी. ती खरंच चांगली आहे: संदेश पालकांच्या भाषेत आपोआप भाषांतरित होतो आणि शिक्षकाला संदेशांची सूचना न येणारा शांत वेळ ठरवता येतो. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक चांगला, नेमका निरोप जावा. 'आज तिने वाचताना अडलेला शब्द तीनदा प्रयत्न करून वाचला.' पुढे कधी अडचणीचा निरोप पाठवावा लागला तर तो वेगळ्या मनाने वाचला जातो.

पॉइंट देण्याचीही एक रीत आहे. आधी तोंडाने, मग बोटाने. 'रिया, पहिल्या सूचनेला वही उघडलीस' हे त्याच क्षणी बोलायचं. नोंद दोन-तीन मिनिटांनी झाली तरी चालते. मुलावर परिणाम होतो तो त्या वाक्याचा. नुसतं 'छान' म्हटल्याने काय छान ते कळत नाही. उलट क्रमाने केलं तर शिक्षकाची नजर फोनवर जाते, आणि नजर फोनवर गेली की मागच्या बाकांना ते लगेच कळतं. तासाच्या ठरलेल्या टप्प्यांवर, म्हणजे सूचना देऊन झाल्यावर, गटकाम सुरू झाल्यावर आणि आवराआवर करताना, तीस सेकंद थांबून नोंदी कराव्यात. बाकी वेळ फोन टेबलावर पालथा.

सामूहिक पॉइंट हा ॲपचा मला सगळ्यात आवडलेला भाग. अनेक मुलं एकदम निवडता येतात, गट करता येतात, पूर्ण वर्गाला एकत्र पॉइंट देता येतो. यावर 'गुड बिहेव्हिअर गेम', म्हणजे चांगल्या वागण्याचा टीमने खेळायचा खेळ, नीट खेळता येतो. 1969 मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या चौथीच्या वर्गात तो पहिल्यांदा तपासला गेला, आणि पुढे त्यावर बराच अभ्यास झाला. ॲपसाठी त्याचं रूप असं: वर्गाच्या तीन-चार मिश्र टीम करायच्या, दंगेखोर मुलं एकाच टीममध्ये येणार नाहीत हे बघायचं. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून एकदा. ठरावीक पॉइंटांपर्यंत पोचलेली प्रत्येक टीम जिंकते, त्यामुळे सगळ्या जिंकू शकतात. एकच टीम जिंकणार असेल तर हरणाऱ्या टीमला दुसऱ्या दिवशी खेळण्यात रस उरत नाही. एखादं मूल मुद्दाम टीमला खाली ओढत असेल, तर त्याची काही दिवस एकट्याची टीम करावी आणि त्याचं उद्दिष्ट गाठता येईल एवढं ठेवावं. नाहीतर मधल्या सुट्टीत बाकीची मुलं त्याला धरतात, आणि त्याची जबाबदारी आपली असते.

पॉइंटांच्या बदल्यात काय द्यायचं? वस्तू शक्यतो नकोतच. त्या संपतात, महाग होत जातात आणि हळूहळू मुलं त्यांच्याबद्दलच बोलू लागतात. पाच मिनिटं जादा खेळ, गोष्ट कोणती वाचायची ते निवडणं, एक तास शिक्षकांच्या खुर्चीत बसणं: हे चालतं आणि फुकट आहे. जी गोष्ट मूल आधीच आवडीने करतं, तिला पॉइंट लावू नये. 1973 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं गेलं; पुढे मोकळ्या वेळात त्यांनी रेखाटनावर घालवलेला वेळ बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्मा भरला. आपणहून पुस्तक उघडणाऱ्या मुलाला वाचनाचा पॉइंट देणं म्हणूनच धोक्याचं. पॉइंट नव्या आणि अवघड सवयींसाठी ठेवावेत. सवय बसली की ते वर्तन यादीतून काढून पुढचं घालावं.

रिपोर्टमध्ये गोल आलेखावर टक्के दिसतात. तो मुलाचा आरसा समजून पालकसभेत दाखवला जातो, पण त्यात मुलाइतकाच शिक्षकही दिसतो. तारखेनुसार आणि मुलानुसार चाळून बघा. कोणाच्या नावावर आठवडाभर एकही नोंद नाही? बहुतेकदा ही शांत, मधल्या बाकांवरची मुलं असतात, ती दिवसचे दिवस कोणाच्या नजरेस पडत नाहीत. सगळ्या नोंदी सकाळच्या आहेत का? मग दुपारी फक्त ओरडा चालू आहे असं समजावं. टोकण्याच्या एका वेळेमागे शाबासकीच्या चार-पाच वेळा असाव्यात असं प्रमाण वर्गव्यवस्थापनात मानलं जातं; टोकणं ॲपमध्ये नोंदवायचं नसल्याने ते कागदावर रेघा मारून मोजावं. हा हिशेब एवढा उपयोगी आहे की केवळ त्यासाठीही ॲप ठेवावं. चुकून दिलेला पॉइंट मागे घेता येतो, आणि आकडे शून्यावर आणले तरी रिपोर्टमधल्या नोंदी तशाच राहतात. दर सोमवारी शून्यावरून सुरुवात करावी. साठलेला डोंगर मागे पडलेल्या मुलाला चढवत नाही.

ॲपमधलं टायमर उत्तम. आवाजमापक मात्र जेमतेम: फोनचा माइक जवळचा आवाज पकडतो, त्यामुळे पुढच्या बाकावरची कुजबुज मागच्या गोंगाटापेक्षा मोठी ठरते. शिवाय आकडा फुगवण्यासाठी मुलं मुद्दाम ओरडतात.

मारामारी, चावणं, सतत चिडवणं, चोरी या गोष्टी ॲपच्या कक्षेबाहेरच्या आहेत, त्यांना वजा पाच देऊन मिटवू नये. त्यासाठी साधी नोंदवही लागते: तारीख, वेळ, जागा, कोण होतं, आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. अशा आठ-दहा नोंदी एकत्र वाचल्या की बहुधा एकच तास, एकच जागा किंवा एकच शेजारी पुन्हा पुन्हा दिसतो, आणि उपाय तिथून सापडतो: जागा बदलणं, काम छोट्या तुकड्यांत देणं, विश्रांती मागण्याची खूण शिकवणं. दुखावलेल्या मुलाचं काय करायचं, मोडलेलं कसं भरून द्यायचं, हे समोरासमोर बसूनच होतं.

एक गोष्ट मुख्याध्यापकांसाठी. लहान मुलांच्या वागण्याच्या नोंदी एका कंपनीकडे साठतात, हा आक्षेप जुना आहे. 2014 मध्ये यावर टीका झाल्यावर कंपनीने वैयक्तिक वर्तनाच्या नोंदी एक वर्षच ठेवण्याचं जाहीर केलं होतं. शाळेने सध्याचं धोरण वाचावं, पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलाचं पूर्ण नाव न टाकता पहिलं नाव आणि आद्याक्षर टाकावं, आजारपण किंवा घरची परिस्थिती टिपणात कधीच लिहू नये. ॲपमध्ये पालकांसाठी पैसे भरून घ्यायची जादा सेवाही आहे. ती ऐच्छिक आहे आणि शाळेच्या कामासाठी लागत नाही, हे वर्षाच्या पहिल्याच सभेत सांगून टाकावं. वर्ष संपलं की पुढच्या शिक्षकाकडे पॉइंटांचा इतिहास पाठवू नये. प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी पाठवाव्यात: त्याला काय जमतं, आणि अडलं की कशाने सावरतं.